भाडं गोठलं म्हणून शहर वाचलं, मग माणसं का गेली? पेनांगच्या जॉर्ज टाउनची गोष्ट

मलेशियातल्या पेनांग बेटावर जॉर्ज टाउन नावाचं शहर आहे. तिथल्या आर्मेनियन स्ट्रीटवर एका भिंतीला टेकून एक जुनी सायकल उभी आहे. सायकल खरी आहे, पण तिच्यावर बसलेली दोन मुलं भिंतीवर रंगवलेली आहेत. लिथुआनियात जन्मलेला चित्रकार अर्नेस्ट झकारेविच यानं २०१२ मध्ये हे चित्र काढलं. आज त्याच्यासमोर फोटो काढायला पर्यटकांची रांग लागते.

आजूबाजूच्या घरांमध्ये आता कॅफे आहेत, छोटी हॉटेलं आहेत, भेटवस्तूंची दुकानं आहेत. इमारती मात्र जुन्याच आहेत. लाकडी झडपा, कौलारू छपरं, दारावर चिनी अक्षरांच्या पाट्या. काही दशकांपूर्वी याच घरांमध्ये खालच्या मजल्यावर किराणा, शिंपी, सोनार, सुतार यांची दुकानं असायची आणि वर त्यांची कुटुंबं राहायची.

ही घरं इतकी वर्षं टिकली, याचं मोठं श्रेय एका भाडेनियंत्रण कायद्याला जातं. आणि त्यातली बरीच माणसं निघून गेली, याचं मोठं कारण तो कायदा रद्द होणं हे आहे. मुंबईच्या चाळींमध्ये वाढलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल अशी ही गोष्ट आहे.

जॉर्ज टाउन वसलं कसं?

पेनांग हे मलेशियाच्या वायव्य किनाऱ्याजवळचं, मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेलं बेट. विषुववृत्तापासून जेमतेम साडेपाच अंश उत्तरेला असल्यामुळे वर्षभर उकाडा आणि पाऊस. भारत आणि चीन यांच्यामधल्या सागरी वाटेवर हे बेट मोक्याच्या जागी येतं.

ईस्ट इंडिया कंपनीसाठी काम करणाऱ्या फ्रान्सिस लाईट या व्यापाऱ्यानं ११ ऑगस्ट १७८६ रोजी या बेटाचा औपचारिक ताबा घेतला. बेट तोवर केदाच्या सुलतानाकडे होतं. सयामपासून संरक्षण मिळेल, या आशेनं सुलतानानं बेट देऊ केलं. कंपनीनं बेट घेतलं, पण संरक्षणाची हमी काही दिली नाही. १७९१ मध्ये सुलतानानं बेट परत घेण्याचा प्रयत्न केला, तो फसला. शेवटी वर्षाला ६,००० स्पॅनिश डॉलरच्या मोबदल्यात त्याला करार करावा लागला.

लाईटनं बंदर करमुक्त ठेवलं आणि जो जितकं जंगल साफ करेल तितकी जमीन त्याची, असं जाहीर केलं. याबद्दल एक दंतकथा सांगितली जाते. झाडं तोडायला माणसं तयार होईनात, तेव्हा लाईटनं तोफेत चांदीची नाणी भरून ती जंगलात उडवली, म्हणे. ती शोधायच्या नादात लोकांनी झाडी साफ केली! खरं असो वा नसो, शहर भराभर वाढलं हे मात्र खरं.

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे व्यापारी आले, सुमात्रातून मलय आणि आचेनी आले, आर्मेनियन आले. तमिळ किनाऱ्यावरचे मुस्लीम व्यापारी आले. त्यांना चुलिया म्हणत, म्हणून चुलिया स्ट्रीट. काही जण मात्र मर्जीनं आले नव्हते. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतून शिक्षा झालेले कैदी समुद्रापार सामुद्रधुनीच्या वसाहतींमध्ये पाठवले जात. पेनांगचे रस्ते आणि सरकारी इमारती उभारण्यात या हिंदुस्थानी कैद्यांच्या श्रमाचा मोठा वाटा आहे.

या सगळ्यांच्या खुणा एकाच रस्त्यावर दिसतात. पूर्वीच्या पिट स्ट्रीटवर सेंट जॉर्जेस चर्च, चिनी लोकांचं दयेच्या देवीचं मंदिर आणि कपितान केलिंग मशीद ही तिन्ही चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. मरिअम्मनचं देऊळही तिथून जवळच, पलीकडच्या रस्त्यावर आहे.

दुकान खाली, घर वर: या इमारतींमध्ये विशेष काय?

जुन्या जॉर्ज टाउनचा मुख्य घटक म्हणजे दुकान-घर. समोरून पाहिलं तर अरुंद, चार ते सहा मीटर रुंदीचं. पण आत शिरलं की ते बोगद्यासारखं लांबच लांब जातं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे तिथे खिडक्या नाहीत. मग उजेड आणि वारा कुठून येणार? त्यासाठी घराच्या मध्यभागी छप्पर उघडं ठेवलेलं असतं, आपल्याकडच्या वाड्यातल्या चौकासारखं. पाऊस थेट आत पडतो, गरम हवा वर निघून जाते. विटांच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असतो. दमट हवेत तो ओल शोषतो आणि सोडतो. म्हणूनच अशा भिंतींवर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते आणि भिंत खराब होते.

दुकानासमोर साधारण पाच फुटांची झाकलेली वाट असते. मलयमध्ये तिला 'काकी लिमा' म्हणतात, म्हणजे पाच फूट. सिंगापूरमध्ये १८२२ मध्ये स्टॅमफर्ड रॅफल्सनं नगररचनेचे नियम घालताना अशी सलग वाट सक्तीची केली आणि पुढे ही पद्धत मलायातल्या इतर शहरांमध्ये पसरली. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवरच्या कमानींखालून चालताना ऊन-पावसापासून जसा आडोसा मिळतो, तसाच इथेही. फरक इतकाच की, जॉर्ज टाउनमध्ये ही वाट दुकानाचा ओटाही असते. तिथे वेत विणले जातात, सायकली दुरुस्त होतात, म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसतात.

इथल्या खाण्यातही तोच इतिहास आहे. पेनांगचा प्रसिद्ध 'नासी कांदार' म्हणजे भात आणि त्यावर वेगवेगळ्या रश्शांचं मिश्रण. 'कांदार' म्हणजे कावड. तमिळ मुस्लीम विक्रेते खांद्यावरच्या कावडीत एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला रस्सा घेऊन बंदरावरच्या हमालांना विकायचे, त्यावरून हे नाव पडलं. बाजारात आजही जायफळाचं सरबत आणि मुरवलेलं जायफळ मिळतं. कंपनीनं अठराव्या शतकाच्या अखेरीस या बेटावर जायफळ आणि लवंगेच्या बागा लावल्या होत्या, त्याची ही आठवण.

घराला अंगण नाही, मग मोकळी हवा कुठे?

इतक्या दाटीच्या शहरात मोकळी जागा दोनच ठिकाणी होती. एक समुद्राकाठचं मैदान. त्याला 'पादांग कोटा लामा' म्हणतात, म्हणजे जुन्या किल्ल्याचं मैदान. शेजारी फोर्ट कॉर्नवॉलिस आहे. लाईटनं आधी तिथे ताडाच्या जातीच्या झाडांच्या बुंध्यांचं कुंपण घातलं होतं, पुढे कैद्यांकडून विटांचा किल्ला बांधून घेतला गेला. मैदानाच्या कडेला १८८० चा टाउन हॉल आणि १९०३ चा सिटी हॉल उभे आहेत. ब्रिटिश काळात इथे क्रिकेट आणि संचलनं होत. आज संध्याकाळी कुटुंबं फिरायला येतात. किल्ल्याभोवतीचा बुजवलेला खंदकही अलीकडच्या वर्षांत पुन्हा उकरून काढण्यात आला.

दुसरी जागा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी असलेलं वनस्पती उद्यान. १८८४ मध्ये चार्ल्स कर्टिस या वनस्पतितज्ज्ञानं दगडाच्या जुन्या खाणीच्या जागेवर ते उभं केलं. वरच्या धबधब्याचं पाणी शहराला जायचं. १९१० च्या सुमारास या उद्यानाच्या जागी जलाशय बांधायचं ठरलं होतं, पण ती योजना बारगळली आणि बाग वाचली.

म्हणजे मोकळ्या जागा सरकारी मालकीच्या असल्यामुळे टिकल्या. पण हजारो खासगी दुकान-घरं कशी टिकली?

भाडं गोठवणारा कायदा काय होता?

दुसऱ्या महायुद्धात पेनांगवर जपानचा ताबा होता. युद्ध संपल्यावर घरांची भीषण टंचाई निर्माण झाली. भाडी आकाशाला भिडू नयेत म्हणून मलायातल्या ब्रिटिश सरकारनं १९४८ मध्ये भाडेनियंत्रण लागू केलं. स्वातंत्र्यानंतर मलेशियानं १९६६ मध्ये त्याचाच नवा कायदा केला. ३१ जानेवारी १९४८ पूर्वी बांधलेल्या इमारतींना तो लागू होता.

या इमारतींची भाडी जवळपास जुन्याच पातळीवर राहिली. भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढता येत नव्हतं. मुख्य भाडेकरू आपल्या घरातल्या खोल्या पोटभाडेकरूंना देत. एकाच दुकान-घरात चार-पाच कुटुंबं, एक चूल, एक मोरी, अशी स्थिती सर्रास होती.

मालकाच्या दृष्टीनं हिशेब सोपा होता. भाडं इतकं कमी की, दुरुस्तीचा खर्चही निघणार नाही. पाडून नवीन बांधावं, तर भाडेकरू हलणार नाहीत. म्हणून त्यानं काहीच केलं नाही. छपरं गळत राहिली, पण इमारती उभ्या राहिल्या.

भाडेकरूच्या दृष्टीनं मात्र हे वरदान होतं. शहराच्या मध्यवस्तीत, बाजाराच्या तोंडावर, अगदी कमी भाड्यात दुकान चालवता येत होतं. उदबत्त्या वळणारे, लाकडी पाट्यांवर अक्षरं कोरणारे, मलय पुरुषांच्या काळ्या टोप्या शिवणारे, वेताच्या खुर्च्या विणणारे असे कमी नफ्याचे धंदे या स्वस्त भाड्यावरच तगून होते.

त्याच काळात शहराची आर्थिक पीछेहाटही झाली. १९६९ मध्ये करमुक्त बंदराचा दर्जा गेला. १९७० च्या दशकात बेटाच्या दक्षिणेला बायन लेपासमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आले आणि रोजगार तिकडे सरकला. जुन्या शहराच्या कडेला ६५ मजली 'कोमतार' मनोऱ्यासाठी बरीच जुनी घरं पाडली गेली, पण बाकीच्या शहराला फारसा धक्का लागला नाही. सिंगापूर आणि क्वालालंपूरमध्ये जुन्या वस्त्या पाडून टॉवर उभे राहत होते, तेव्हा जॉर्ज टाउन जागच्या जागी होतं.

१ जानेवारी २००० नंतर काय झालं?

मलेशियाच्या संसदेनं १९९७ मध्ये भाडेनियंत्रण रद्द करणारा कायदा केला. भाडेकरूंना पर्याय शोधण्यासाठी ३१ डिसेंबर १९९९ पर्यंतची मुदत मिळाली. नवीन सहस्रकाच्या पहिल्या दिवसापासून मालक हवं ते भाडं मागायला मोकळे झाले.

संपूर्ण मलेशियात सर्वाधिक नियंत्रित इमारती पेनांगमध्येच होत्या, १२,००० पेक्षा जास्त. अनेकांचं भाडं एका झटक्यात कित्येक पटींनी वाढलं. भाडेकरूंनी 'सेव्ह अवरसेल्व्हज' नावानं संघटना बांधून विरोध केला, पण कायदा बदलला नाही. ज्यांना वाढीव भाडं परवडलं ते राहिले. बाकीचे शहराबाहेरच्या उंच इमारतींमधल्या सदनिकांमध्ये गेले. वयस्कर कारागिरांपैकी काहींनी दुकानं कायमची बंद केली.

मालकांना वाटलं होतं, घर रिकामं झालं की चांगला भाडेकरू येईल. पण १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटानंतर बाजार थंडावला होता. परिणामी अनेक घरं तशीच कुलूपबंद राहिली. २००० मध्ये 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड' या संस्थेनं जॉर्ज टाउनचा समावेश जगातल्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत केला.

रिकाम्या घरात पक्षी कसे आले?

या रिकाम्या घरांना एक अनपेक्षित भाडेकरू मिळाला, पाकोळी. आग्नेय आशियातल्या एका जातीच्या पाकोळ्या आपल्या लाळेपासून घरटं बनवतात. या घरट्यांच्या सुपाला चिनी समाजात मोठी मागणी असून त्यांना प्रचंड भाव मिळतो.

पाकोळ्यांना अंधारी, दमट गुहा आवडते. मग काही मालकांनी दुकान-घरांच्या खिडक्या विटांनी बुजवल्या, आत पाणी फवारून ओल राखली आणि छतावर कर्णे लावून दिवसभर पक्ष्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती वाजवल्या. माणसाच्या भाड्यापेक्षा पक्ष्यांचं भाडं परवडू लागलं! पण सततच्या ओलीनं भिंती आणि लाकूड कुजायला लागलं, शेजारी आवाजानं आणि दुर्गंधीनं हैराण झाले. अखेर पेनांग सरकारनं वारसा क्षेत्रातली ही पाकोळी-घरं २०१३ अखेरपर्यंत हटवण्याची मुदत घातली.

युनेस्कोच्या दर्जानं काय बदललं?

७ जुलै २००८ रोजी जॉर्ज टाउन आणि मलाक्का या दोन शहरांना मिळून जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. जॉर्ज टाउनमधलं मुख्य क्षेत्र सुमारे १०९ हेक्टरचं आहे आणि त्याभोवती सुमारे १५० हेक्टरचा संरक्षक पट्टा आहे. इमारतींची उंची, रंग, पाट्या, दुरुस्तीचं साहित्य अशा सगळ्यांवर नियम आले. पाडापाडी थांबली. किनाऱ्यालगत लाकडी खांबांवर वसलेल्या चिनी कुळांच्या वस्त्यांनाही संरक्षण मिळालं. अशा दोन वस्त्या त्याआधी दोनच वर्षं गृहप्रकल्पासाठी पाडल्या गेल्या होत्या.

दर्जा मिळाल्यावर पर्यटक आले आणि त्यांच्या मागोमाग पैसाही आला. सिंगापूर आणि इतर ठिकाणच्या गुंतवणूकदारांनी दुकान-घरांच्या रांगाच्या रांगा विकत घेतल्या. पडायला आलेली अनेक घरं उत्तम दुरुस्त झाली, हे मान्य करायला हवं. पण दुरुस्तीचा खर्च वसूल करायचा तर हॉटेल किंवा कॅफेच परवडतं. उदबत्तीवाल्याला ते भाडं देणं शक्य नसतं.

युनेस्कोनं दर्जा देताना फक्त वास्तुकलेचा विचार केला नव्हता. अनेक संस्कृती इथे आजही एकत्र नांदतात आणि हा वारसा जिवंत आहे, हाही निकष होता. आता आकडे पाहा. मुख्य वारसा क्षेत्रात २००९ मध्ये सुमारे १०,१०० लोक राहत होते. २०१३ मध्ये ती संख्या ९,४०० च्या आसपास आली. इमारतींची संख्या तेवढीच, राहणारे मात्र कमी.

मुंबईशी याचा काय संबंध?

दोन्ही शहरांच्या तारखा शेजारी ठेवल्या की साम्य लगेच दिसतं. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भाडी अशी कायमची गोठवून ठेवणं अन्यायकारक असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. म्हणजे पेनांगनंतर अवघ्या तीन महिन्यांनी.

पण महाराष्ट्रानं वेगळा रस्ता निवडला. मोठ्या कंपन्या, बँका अशा भाडेकरूंचं संरक्षण काढलं, सामान्य भाडेकरूंचं मात्र कायम ठेवलं आणि मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. त्यामुळे गिरगाव, दादर, परळमधली माणसं एका रात्रीत रस्त्यावर आली नाहीत. पण इतक्या भाड्यात इमारत दुरुस्त होत नाही, हा प्रश्न तसाच राहिला. दर पावसाळ्यात उपकरप्राप्त इमारतींच्या पडझडीच्या बातम्या येतात, आणि पुनर्विकास झाला की चाळीच्या जागी टॉवर उभा राहतो.

थोडक्यात, जॉर्ज टाउनमध्ये घरं उरली आणि माणसं गेली. मुंबईत बरीच माणसं उरली, पण घरं एकेक करून जात आहेत.

मग मधला मार्ग आहे का?

जॉर्ज टाउनमध्ये काही प्रयत्न झाले आहेत. मलेशिया सरकारच्या निधीतून 'थिंक सिटी' या संस्थेनं २००९ नंतर २ कोटी रिंगिटचा अनुदान कार्यक्रम राबवला. त्यातून मालक आणि भाडेकरूंना दुरुस्तीसाठी मदत मिळाली. 'पेनांग हेरिटेज ट्रस्ट'नं जुन्या कारागिरांच्या हाताखाली तरुणांना शिकवण्याचा उपक्रम सुरू केला.

सगळ्यात आशादायी बाब वेगळीच आहे. जुन्या शहरातली अनेक दुकान-घरं चिनी कुळांच्या संस्था, मंदिरं आणि मशिदींचे वक्फ यांच्या मालकीची आहेत. अशा संस्थांवर नफ्याचा दबाव खासगी गुंतवणूकदाराइतका नसतो. त्यांनी ठरवलं तर घर दुरुस्त करून, भाडं परवडेल इतपतच वाढवून जुना भाडेकरू ठेवता येतो. आर्मेनियन स्ट्रीटवर एका मंदिराच्या मालकीच्या घरांमध्ये असा प्रयोग झालाही आहे. पण खासगी मालकीच्या घरांवर असं बंधन घालणारा कायदा नाही.

जुन्या इमारतीची उंची किती असावी, तिला कोणता रंग लावावा, यावर नियम करणं तुलनेनं सोपं आहे. तिच्यात कोण राहू शकेल, हे भाडं ठरवतं. पन्नास वर्षं भाडं अजिबात न वाढू देणं आणि मग एका दिवसात सगळं मोकळं सोडणं, या दोन टोकांच्या मध्ये टप्प्याटप्प्यानं भाडेवाढ, दुरुस्तीला अनुदान आणि जुन्या रहिवाशांना प्राधान्य असे पर्याय होते. पेनांगमध्ये त्यांचा विचार सुरू झाला तेव्हा बरीच दुकानं बंद झाली होती. महाराष्ट्रातल्या जुन्या शहरांमध्ये, मुंबईच्या चाळींपासून पुण्या-नाशिकच्या वाड्यांपर्यंत, अजून भाडेकरू राहत आहेत. तिथे हा विचार वेळेत करता येईल.